वसंतरावांच्या गाण्यांची प्रतवारी लावताना

नागपुरातल्या कळमन्याच्या बाजार-आवारात माल उतरला, की बोली सुरू होण्यापूर्वी त्याची प्रतवारी पाहिली जाते, आणि ज्याला धंदा कळतो असा खरेदीदार ढिगाच्या माथ्यावर मांडलेल्या देखण्या संत्र्यांवर न भुलता ढिगाच्या पोटात हात घालून नमुना काढतो, ही गोष्ट या भागातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. आवडत्या गायकाच्या गाण्यांचा क्रम लावू इच्छिणाऱ्या रसिकाने हीच रीत पत्करावी, असे मला सुचवावयाचे आहे. कारण अशा बहुतेक याद्या माथ्यावरच्या फळांवरून, म्हणजे मुखड्यांवरून आणि कधीकाळी केलेल्या पहिल्या श्रवणाच्या आठवणीवरून तयार होतात, आणि म्हणूनच त्या लावणाऱ्याच्या स्वतःच्या मनातही वर्षभर टिकत नाहीत.

उदाहरणादाखल मी डॉ. वसंतराव देशपांडे यांचे नाव घेतो. २ मे १९२० रोजी मूर्तिजापूर येथे जन्मलेल्या, नागपुरात शंकरराव सप्रे यांच्यापाशी गाण्याचे धडे गिरविलेल्या, आणि १९३५ साली भालजी पेंढारकरांच्या 'कालिया मर्दन' या चित्रपटात बालकृष्ण होऊन आलेल्या या गायकाचे नाव सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहाला देऊन नागपूरने आपला हक्क केव्हाच नोंदविलेला आहे. परंतु मी त्यांची निवड करतो ती केवळ गावच्या अभिमानाने नव्हे. किराण्याचे सुरेशबाबू माने, भेंडीबाजाराचे अमान अली खाँ, लाहोरचे असद अली खाँ अशा परस्परभिन्न प्रकृतीच्या गुरूंकडून ज्यांनी विद्या घेतली, मास्टर दीनानाथांच्या गायकीचा ध्यास ज्यांनी आयुष्यभर बाळगला, लष्कराच्या हिशेब खात्यातली कारकुनी सांभाळीत गाणे जिवंत ठेवून चाळिशी उलटल्यावर ज्यांनी त्या नोकरीचा राजीनामा दिला, आणि आपले घराणे आपल्यापासूनच सुरू होते असे जे निःसंकोचपणे सांगत, त्या वसंतरावांनी ख्याल, ठुमरी, नाट्यपद, भावगीत, चित्रपटगीत यांपैकी कोणताही प्रांत परका मानला नाही. आणि जेथे प्रांत इतके वेगवेगळे, तेथे क्रम लावणाऱ्याच्या कसोट्यांची खरी परीक्षा होते.

आता मुख्य मुद्दा सांगतो. प्रतवारी गाण्याची लावू नये. प्रतवारी मुद्रणाची लावावी. गाणे ही कवीने, संगीतकाराने आणि परंपरेने मिळून केलेली वस्तू आहे, ती अनेकांच्या गळ्यांतून जाते. परंतु एका विशिष्ट दिवशी, विशिष्ट साथीने, विशिष्ट मुदतीत, एका माणसाने ती जशी गायिली तशी पुन्हा कोणीही, खुद्द त्यानेही, गायिलेली नसते. कॅनडाचे पियानोवादक ग्लेन गूल्ड यांनी बाखची 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' ही रचना १९५५ साली ध्वनिमुद्रित केली, आणि तीच रचना त्यांनी १९८१ साली पुन्हा ध्वनिमुद्रित केली. पहिले वादन सुमारे ३८ मिनिटांचे आहे, दुसरे सुमारे ५१ मिनिटांचे. कागदावरील स्वरलेखन एकच असताना हे अंतर पडले, आणि पाश्चात्त्य रसिक आजतागायत या दोहोंचा श्रेष्ठकनिष्ठभाव ठरवीत आले आहेत. जेथे संगीत लिहून ठेवलेले असते तेथे जर ही स्थिती, तर ज्या परंपरेत गवय्याने बैठकीत बसून विस्तार जागच्या जागी निर्माण करावयाचा असतो तेथे 'अमुक गाणे मला सर्वांत प्रिय' हे विधान अपुरेच म्हटले पाहिजे. कोणते मुद्रण, हे सांगितल्यावाचून त्याला अर्थ येत नाही.

म्हणून पहिले काम फेरिस्तीचे. एक जाड पुठ्ठ्याची वही घ्यावी आणि आपल्यापाशी असलेली किंवा आपल्याला निर्वेधपणे ऐकता येण्याजोगी जेवढी मुद्रणे असतील तेवढ्यांची नोंद करावी: पदाचे किंवा रागाचे नाव, कवी, संगीतकार, नाटक अथवा चित्रपट, मुद्रणाची लांबी, आणि माहीत असल्यास साल व साथीदार. एकच मुद्रण निरनिराळ्या संग्रहांतून निरनिराळ्या मुखपृष्ठांखाली पुनःपुन्हा येते, कॅसेटांच्या काळात तर निवडक गाण्यांचे असे संग्रह वारंवार निघाले; त्यांतली पुनरुक्ती छाटल्यावर फेरिस्त पुष्कळच आटोक्यात येते. लांबी जुळते आहे का, पहिल्या आलापापूर्वीचे वाद्यांचे सूर तेच आहेत का, एवढे पाहिले तरी दोन नोंदी एकाच मुद्रणाच्या आहेत की दोन वेगळ्यांच्या, याची रुजुवात होते.

याच टप्प्यावर आवाजाची ओळख पटवून घेणे अगत्याचे आहे. 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले. ते लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर हे नागपूरचे, त्याचे संगीत जितेंद्र अभिषेकींचे, आणि त्यातील खाँसाहेबांची भूमिका वसंतरावांची. पुढे २०१५ साली त्यावर चित्रपट निघाला, आणि त्यात खाँसाहेबांची पदे वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी गायिली. मोबाइलवर पदाचे नाव घालून शोध घेतला असता ही सर्व मुद्रणे एकत्र पुढे येतात, आणि कित्येकदा नातवाच्या गाण्यावर आजोबांचे नाव लागलेले असते. नातवाची तयारी थोर आहे. 'मी वसंतराव' या चित्रपटातील गायनासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला आहे. परंतु त्यांचे गाणे त्यांच्या खात्यावर जमा व्हावे, वसंतरावांच्या नव्हे.

फेरिस्त झाली, की तिचे गट पाडावे. साडेतीन मिनिटांच्या भावगीताला आणि लाँगप्ले तबकडीची अख्खी बाजू व्यापणाऱ्या रागविस्ताराला एका रांगेत उभे करणे अन्यायाचे आहे. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपत असे, आणि त्या मुदतीत काय सांगावयाचे व काय गाळावयाचे याचा निर्णय गायकाला आधीच करावा लागे. लाँगप्लेच्या बाजूवर वीस मिनिटांहून अधिक अवकाश मिळाला, तेव्हा निर्णयाचे स्वरूपच पालटले. गायकाने कोणत्या मर्यादेत काय साधले, हे पाहावयाचे असेल तर समान मर्यादेतील मुद्रणांचीच तुलना करावी. वसंतरावांच्या बाबतीत रागदारी, ठुमरी-दादरा, नाट्यपदे, भावगीते आणि चित्रपटगीते असे गट सहज पडतात. नाट्यपदांतही पोटभेद करावा: संशयकल्लोळातील 'मृगनयना' सारखे पद, जे पूर्वसूरींच्या गळ्यांतून घासूनपुसून आलेले आहे, आणि 'कट्यार'मधली पदे, ज्यांची चाल खाँसाहेबांच्या भूमिकेसाठी नव्याने बांधली गेली, ही दोन वेगळी प्रकरणे आहेत. पहिल्या प्रकारात परंपरेला त्यांनी कोणती भर घातली हे पाहावे, दुसऱ्यात भूमिकेला त्यांनी काय दिले हे.

प्रत्यक्ष श्रवणाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण याद्या बिघडतात त्या येथे. ऐकण्याचे साधन एकच ठेवावे आणि आवाजाची पातळी स्थिर ठेवावी. जे मुद्रण अधिक मोठ्याने वाजते ते कानाला अधिक चांगले वाटते, हा कानाचा जन्मजात दोष आहे. एका बैठकीत दोनच मुद्रणे घ्यावी, ती पाठोपाठ ऐकावी, मग क्रम उलटा करून पुन्हा ऐकावी, आणि दोहोंपैकी उजवे कोणते एवढाच फैसला त्या दिवशी करावा. दहा गाणी एका रांगेत लावण्यापेक्षा दोघांत निवड करणे मनाला सोपे जाते, आणि अशा जोड्यांचे निर्णय साठत गेले की गटाचा क्रम आपोआप उभा राहतो. कळमन्यासारख्या ठिकाणी वेळेची तजवीजही करावी लागते. पहाटे मालमोटारींची वर्दळ आणि सकाळी लिलावाचा गलका असतो, तेव्हा आवार शांत होते ती दुपारची वेळ किंवा सुटीचा दिवस या कामासाठी राखून ठेवावा. सांजवेळी गावयाचे राग मात्र सांजवेळीच ऐकावे, मग बाहेर थोडा आवाज असला तरी चालेल.

ऐकताना मुखडा झाल्यावर सावध व्हावे. मुखडा हा संगीतकाराने रसिकाला जिंकण्यासाठीच घडविलेला असतो, त्यावर गायकाची परीक्षा फारशी होत नाही. ती होते दुसऱ्या अंतऱ्यात, जेथे चाल तीच असते, शब्द निराळे असतात, आणि त्या शब्दांसाठी त्याच स्वरांवर वेगळा दाब देण्याची जबाबदारी सर्वस्वी गायकावर येऊन पडते. ख्यालात ही जागा मध्यावर येते, पहिल्या विस्ताराचा उत्साह ओसरलेला आणि द्रुताचा आधार अजून न मिळालेला असताना. ढिगाच्या पोटातला नमुना तो हा.

आता माझे स्वतःचे निर्णय कारणांसह नोंदवितो; वाचकांनी ते स्वीकारावेत असा आग्रह नाही, परंतु कारण कसे लिहावे याचा मासला त्यांतून मिळावा. नाट्यपदांत बहुसंख्य रसिक 'घेई छंद'ला अग्रस्थान देतात. हे पद 'कट्यार' नाटकात दोन घराण्यांच्या दोन स्वतंत्र चालींत येते, म्हणून ते एकटे ऐकून निकाल देणे योग्य नाही. नाटकात खाँसाहेबांचे प्रतिस्पर्धी असलेल्या पंडितजींच्या गायकीतली चाल आधी ऐकावी आणि मग वसंतरावांचे गाणे ऐकावे, म्हणजे ते एका आव्हानाला दिलेले उत्तर आहे हे ध्यानात येते, आणि त्यातील आक्रमकतेचा उलगडा होतो. एवढे मान्य करूनही मी त्याच्यावर 'तेजोनिधी' ठेवतो. सूर्याला उद्देशून रचलेल्या या पदाची भाषा जोडाक्षरांनी आणि समासांनी जड झालेली आहे. असे शब्द तानेत सापडले, की सामान्य गायकाच्या गळ्यात त्यांचा भुगा होतो. वसंतराव तान अक्षराच्या पोटातून काढतात, अक्षर फोडून काढीत नाहीत. शब्द अखंड राहतो आणि तरी स्वर त्याला झाकोळून न टाकता उजळवितो. तबल्याचे त्यांचे ज्ञान कामी येते ते येथे: लयीचे घर त्यांना इतके परिचित आहे, की समेवर येण्याची घाई त्यांच्या गाण्यात कोठेही जाणवत नाही.

भावगीतांचा निकाल देणे मला अधिक कठीण वाटते. वा. रा. कांतांची कविता आणि श्रीनिवास खळ्यांची चाल लाभलेले 'बगळ्यांची माळ' हे सर्वश्रुत आहे, आणि खळ्यांच्या चालीत गायकाला इकडेतिकडे सरकावयास जागा नसते हेही सर्वश्रुत आहे. ज्याच्या गळ्यातून तान अनावरपणे निघे अशा गवय्याने त्या अरुंद वाटेवरून इतक्या मृदू पावलांनी चालावे, याचे मोल मोठे आहे. तथापि कवी अनिलांची कविता आणि यशवंत देवांची चाल असलेले 'कुणी जाल का' मी त्याच्यावर ठेवतो. अनिलही मूर्तिजापूरचेच, हा योगायोग निर्णयात धरू नये. माझे कारण असे, की या गीतात कोकिळेला गप्प करण्याची विनवणी आहे. विनवणी चढ्या स्वरात झाली तर ती आज्ञा होते आणि फार खालच्या स्वरात झाली तर तक्रार होते, आणि वसंतरावांनी शेवटच्या कडव्यापर्यंत तिला विनवणीच ठेवली आहे. खळ्यांच्या गीतात संयम चालीने लादलेला आहे. देवांच्या गीतात तो गायकाने आपण होऊन पाळलेला आहे. हे ज्याला पटणार नाही त्याने दोन्हींचे दुसरे अंतरे पाठोपाठ ऐकून स्वतःचे कारण लिहावे.

रागदारीत मला संदेह नाही. असद अली खाँ यांच्यापाशी लाहोरात घेतलेला मारवा हा वसंतरावांच्या गाण्याचा कणा आहे. मारव्यात पंचम वर्ज्य, षड्जावर येऊन विसावण्याची मुभा फार थोडी, कोमल ऋषभ आणि धैवत यांचे प्राबल्य, त्यामुळे श्रोत्याला आधाराची जागा सापडत नाही आणि दिवस मावळतानाची अस्वस्थता स्वरांत भरून राहते. पुष्कळ गायक ही अस्वस्थता श्रोत्याला सोसवणार नाही या धास्तीने षड्जाकडे लवकर परततात. वसंतराव परतणे लांबवितात, आणि लांबविताना त्यांच्या स्वरात कंप किंवा आर्जव येत नाही. ज्याला या मुद्द्याची शहानिशा करावयाची असेल त्याने त्यांचा राजकल्याण शेजारी ठेवून ऐकावा. तेथेही पंचम वर्ज्यच आहे, यमनातून पंचम काढून घेतला की तो राग उभा राहतो, परंतु ऋषभ शुद्ध असल्यामुळे तीच पोकळी तेथे प्रसन्न वाटते. एकच स्वर वगळून दोन विरुद्ध चित्तवृत्ती निर्माण करणारी ही जोडी हाताशी असताना क्रम लावणाऱ्याने दुसरीकडून प्रारंभ करू नये. साऱ्या गटांतील अग्रणींची अखेरची पंगत बसवायचीच असेल, तर माझ्या वहीत मारवा पहिला आहे.

चित्रपटगीतांविषयी एकच सूचना. १९७९ च्या 'अष्टविनायक' चित्रपटातील, शांता शेळक्यांनी लिहिलेले आणि अनिल-अरुण यांनी स्वरबद्ध केलेले 'दाटून कंठ' हे गीत कित्येक घरांत लेकीच्या पाठवणीच्या प्रसंगाशी कायमचे निगडित झालेले आहे, आणि ज्या बापाने ते त्या दिवशी ऐकले त्याला त्याची निर्लेप प्रतवारी करणे शक्य नाही. करावी अशी अपेक्षाही कोणी धरू नये. वहीत 'आठवण' असा स्वतंत्र रकाना ठेवावा, आणि ज्या गाण्याशी आपले काही खासगी जडलेले असेल त्याचा तपशील तेथे मोकळेपणाने लिहावा. भावनेला अशी हक्काची जागा दिली, की ती क्रमांकाच्या रकान्यात घुसखोरी करीत नाही.

यादीच्या तळाशी काय ठेवावे, हा प्रश्न रसिकाला संकोचात टाकतो. ज्या मुद्रणाचे यंत्रदोष इतके आहेत की गायकाचा श्वास ऐकू येत नाही, त्यावर निकाल देऊ नये; ते 'तहकूब' या शेऱ्याखाली ठेवावे आणि अधिक स्वच्छ प्रत मिळेपर्यंत थांबावे. परंतु जेथे मुद्रण स्वच्छ आहे आणि गायन मात्र उतरलेले आहे, तेथे भक्तीपायी डोळेझाक करू नये. थोर कलावंताच्या उण्या जागा दाखविता येणे हीही त्याच्यावरील प्रेमाचीच निशाणी आहे, आणि त्या जागा ज्याला दिसत नाहीत त्याने दिलेल्या पहिल्या क्रमांकालाही वजन राहत नाही.

आपली यादी पुरी होईपर्यंत दुसऱ्याची पाहू नये. पुरी झाल्यावर मात्र ती घेऊन अशा माणसाकडे जावे ज्याची आवड आपल्याहून भिन्न आहे, आणि जेथे दोन्ही याद्यांत मोठे अंतर पडले असेल तेवढीच मुद्रणे त्याच्यासमवेत पुन्हा ऐकावी. विदर्भात आजही असे वडीलधारे आढळतात ज्यांनी वसंतरावांना रंगमंचावर किंवा बैठकीत समक्ष ऐकले आहे. त्यांची जबानी आदराने टिपून घ्यावी. परंतु ती साक्ष त्या रात्रीच्या गाण्याची आहे, तबकडीवरील गाण्याची नव्हे, म्हणून तिच्या आधारे मुद्रणाचा क्रम बदलू नये. वर्षातून एकदा, २ मे हा जन्मदिन किंवा ३० जुलै हा स्मृतिदिन नेमून, वही उघडावी आणि निर्णय तपासावे. क्रम बदलावासा वाटला तर जुना क्रम एका रेघेने छेदावा, खोडून नाहीसा करू नये, आणि शेजारी तारीख व कारण घालावे.

या सर्व उद्योगात एक उणीव पदोपदी भासते, आणि तिच्याविषयी विदर्भातील वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे. ३० जुलै १९८३ रोजी वसंतराव गेले, आणि त्यांच्या खासगी बैठकींच्या ज्या फिती घराघरांतून जपून ठेवलेल्या आहेत त्या आता जीर्ण होत चालल्या आहेत. आपल्या कपाटात अशी एखादी फीत असेल तर ती जाणत्या माणसाकडून उतरवून घ्या, आणि बैठक कोठे झाली, कोणत्या साली, तबल्यावर व पेटीवर कोण होते, हे घरातील ज्या वडीलधाऱ्यांना स्मरते त्यांना आजच विचारून त्या फितीच्या वेष्टनावर लिहून ठेवा.